पुण्याचे अध्यक्ष, लोणीचा कारखाना

प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढला, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांनी बसवले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांना. उपाध्यक्ष झाले लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करण्यात विठ्ठलराव सगळ्यांत पुढे होते. मग पहिली खुर्ची बाहेरच्या माणसाला कशी दिली गेली? या जोडीचे मला आजही नवल वाटते.

गाडगीळ मात्र या मुलखाला नवखे नव्हते. भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी कालव्याने खाली आले आणि नगर जिल्ह्याच्या या भागात ऊस फोफावला. पण फायदा कुणाच्या पदरात पडत होता? खासगी कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवत होत्या, आणि स्वतः ऊस लावणारा शेतकरी गुळाच्या पडत्या भावाने बेजार होता. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी नेमका काय लाभ झाला, याची गाडगीळांनी पाहणी केली होती. तिचा अहवाल १९४८ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याआधी, १९४५ मध्ये, बेलापूरला भरलेल्या बागाईतदारांच्या परिषदेचे अध्यक्षही तेच होते. सहकारी कारखान्याच्या कल्पनेने तिथे जोर धरला.

आता अडचण बघा. शेतकरी शेकड्यांनी, प्रत्येकाचा बांध वेगळा, सातबारा वेगळा. यंत्रे विकणाऱ्या कंपनीने करार कुणाशी करायचा? कर्ज देणाऱ्याने कुणाकडे बघायचे? कायद्याने यावर काढलेली तोड मला विलक्षण वाटते. नोंदणी झाली की संस्था स्वतःच एक व्यक्ती होते. तिच्या नावावर जमीन होते, कर्ज होते, खटलाही होतो. पण या व्यक्तीला ना तोंड, ना हात. तिच्या वतीने बोलायला आणि सही करायला लागते ते संचालक मंडळ.

त्यातही गंमत अशी की एकट्या संचालकाच्या शब्दाला कायद्याच्या लेखी फारसे वजन नसते. तो बांधावर उभा राहून काहीही कबूल करो, संस्था त्याने बांधली जात नाही. तोच माणूस रीतसर नोटीस काढलेल्या सभेत येतो, गणपूर्ती होते, विषयपत्रिकेवरचा पहिला विषय येतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. पुढे एखादा ठराव येतो, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे पडतात, ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. एवढ्या चार ओळींनी सगळ्या सभासदांच्या संस्थेवर लाखोंचे कर्ज चढू शकते. आपल्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत आपण या ओळी इतक्या वेळा बघतो की त्यांची ताकद जाणवेनाशी होते.

सहकारी कारखान्यात आणखी एक पेच असतो, आणि पहिले मंडळ नेमताना तोच सगळ्यांत अवघड. ऊस घालणारा शेतकरी हाच कारखान्याचा मालक. म्हणजे भाव ठरवायला बसलेला संचालक एकाच वेळी विकणारा आणि विकत घेणाराही. विकणारा म्हणून त्याला उसाला चढा भाव हवा. मालक म्हणून कर्जाचा हप्ता फेडायचा, यंत्रांच्या झिजेची तरतूद करायची, पुढच्या हंगामासाठी पैसा राखायचा. बहुतेक संचालक ऊसवाले असले की पारडे कुठे झुकेल हे सांगायला नको. ज्याचे पोट उसाच्या बिलावर नाही आणि ज्याला ताळेबंद वाचता येतो, असा माणूस मधल्या खुर्चीत का हवा, हे इथे उमगते. आणि विठ्ठलराव शेजारी का हवेत, हेही. शब्दावर विसंबून भाग घेतलेल्या माणसांना उंबऱ्यावर जाऊन उत्तर देणारे तेच होते. नुसत्या तज्ज्ञांच्या मंडळाने ताळेबंद सांभाळला असता, पण माणसे गमावली असती, असे मला वाटते.

गाडगीळांना सल्लागार म्हणून राहता आले असते. नव्या संस्था आजही नामवंतांचे सल्लागार मंडळ नेमतात, आणि त्याचा उपयोगही मोठा असतो: अडले की विचारायला जाणती माणसे मिळतात. पण सल्लागाराला मत नसते, आणि सल्ला फसला तर त्याला कुणी जाब विचारत नाही. संचालकाचे तसे नाही. आजच्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर वैयक्तिक आणि सामूहिक अशी दोन्ही प्रकारे येते. म्हणून संस्था काढणाऱ्याने यादी करताना कुणाचा सल्ला हवा आणि कुणाची सही हवी, या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. मोठे नाव कागदावर शोभेसाठी घालायचे आणि त्या माणसाने वर्षभर सभेला फिरकायचेच नाही, हे संस्थेला घातक आहे. गणपूर्ती नावाने होत नाही, हजेरीने होते.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप झाले. त्या वेळी राज्यात असे दुसरे उदाहरण नव्हते. कर्ज, भाव, उसाची नोंद, तोडणीचा क्रम अशा ज्या गोष्टी पुढच्या कारखान्यांना तयार मिळाल्या, त्या इथे एकेक ठराव करून ठरवाव्या लागल्या. सुरुवातीची ही अवघड वर्षे गाडगीळ अध्यक्षपदी राहिले. पुढे देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेला हा माणूस, त्याआधी लोणीच्या सभेत बसून शेतकऱ्यांबरोबर उसाचा भाव ठरवत होता.