संगणकीय भूमिकाप्रधान खेळांतील काठिण्य : लढतीचा समतोल आणि कथनाचा अर्थ

१.

कादंबरीतील एखादे प्रकरण दुर्बोध वाटले तर वाचक ते वगळून पुढे जाऊ शकतो. संहिता त्याला अडवीत नाही. नाटकाच्या प्रेक्षकाला डुलकी लागली तरी पडदा ठरलेल्या वेळीच पडतो. संगणकीय भूमिकाप्रधान खेळात, म्हणजे ज्याला सर्वत्र 'रोल-प्लेइंग गेम' म्हटले जाते त्या प्रकारात, मात्र कथन पुढे न्यावयाचे तर बहुधा लढत जिंकावी लागते. ती न जिंकल्यास पुढील कथा त्या खेळाडूपुरती अस्तित्वातच येत नाही. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात, जिच्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला लक्षणीय परिश्रम करावे लागतात अशा संहितेचा 'अर्गॉडिक' या संज्ञेने विचार केला. या परिश्रमांचे प्रमाण कोण ठरवितो आणि ते ठरविताना कथनाच्या अर्थाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाकडे दोन बाजूंनी दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. साहित्याच्या अभ्यासकास लढती म्हणजे दोन संवादांमधील भरताड वाटते; तंत्रज्ञास त्या केवळ अंकगणित वाटतात. आमचे प्रतिपादन असे की, काठिण्य हे कथनाचेच एक साधन होय. कथन जे सांगते त्याला लढत दुजोरा देते, किंवा ते खोटे पाडते.

२.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. त्यास 'डंजन मास्टर' म्हणतात. समोरच्यांची दमछाक पाहून हा सूत्रधार येणाऱ्या शत्रूंची संख्या पाचावरून तीनवर आणू शकतो, त्यांना पळ काढावयास लावू शकतो, किंवा पराभूतांना ठार न करता कैदेत टाकू शकतो. श्रोत्यांचा नूर पाहून कीर्तनकाराने आख्यान आटोपते घ्यावे अथवा रंगवावे, तसेच हे आहे. काठिण्य येथे आगाऊ लिहिलेले नसते. ते माणसामाणसांतील व्यवहारातून त्या त्या क्षणी घडते.

संगणकावर हा खेळ आला तेव्हा नियम आले, फासे आले. सूत्रधार मात्र आला नाही. लेखकाला खेळाडू दिसत नाही. तो चौदा वर्षांचा आहे की चाळीस, पहिल्यांदा खेळतो आहे की दहाव्यांदा, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे काठिण्य आगाऊ लिहून ठेवावे लागते. पुढील चार दशकांतील अनेक रचनाप्रयोग 'सूत्रधाराच्या रिकाम्या जागी कोणाला बसवावे?' या एका प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचता येतात.

३.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी 'समतोल' या शब्दाविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. समतोल म्हणजे दोन्ही पक्षांची समान शक्ती नव्हे. शक्ती खरोखर समान असेल तर जिंकण्याची शक्यता निम्मी राहील. अशा सलग दहा लढती जिंकण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक इतकीच उरेल आणि कथा पहिल्या प्रकरणातच संपेल. प्रत्येक लढतीत जिंकण्याची शक्यता ९५ टक्के ठेवली तरीही सलग वीस लढती पार पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्केच भरते. तेव्हा दीर्घ कथा सांगू पाहणाऱ्या लेखकाला दोन गोष्टी कराव्या लागतात : लढत खेळाडूच्या बाजूने बरीच झुकती ठेवावयाची, आणि ती झुकती आहे हे त्याला जाणवू द्यावयाचे नाही. संकटाचा हा आभास हीच समतोलाची खरी कला होय.

ती अवघड का, हे फाशावरून दिसते. या परंपरेत वार लागला की चुकला हे बहुधा वीस बाजूंच्या फाशाने ठरते. एका गुणाचा फरक म्हणजे शक्यतेत पाच टक्क्यांचा फरक. शत्रूचा वार ५० टक्के वेळा लागत असेल आणि चिलखत एका गुणाने सुधारले, तर ते प्रमाण ४५ टक्के होते. लाभ एक दशांशाचा. परंतु वार १० टक्के वेळाच लागत असेल, तर तोच एक गुण ते प्रमाण ५ टक्क्यांवर आणतो, लाभ निम्म्याचा. कागदावर सारखी दिसणारी वाढ टोकाला पोहोचलेल्या पात्राला अजिंक्य करते. एका खेळाडूस जी लढत पोरखेळ वाटते तीच दुसऱ्यास अशक्य वाटते, याचे एक कारण येथे आहे. फ्रेंच विचारवंत रॉजे कैय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे वर्गीकरण करताना स्पर्धा आणि दैव ही दोन वेगळी तत्त्वे मानली. भूमिकाप्रधान खेळात ती दोन्ही एकाच वारात एकवटलेली असतात.

४.

पहिले उत्तर कठोर आहे : सूत्रधाराच्या जागी कोणीच नको. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या 'विझर्ड्री' (१९८१) मध्ये सहा जणांचा जथा भुयारात उतरतो. पात्र मेले तर मंदिरात द्रव्य देऊन त्यास उठविता येते. तो विधी फसला तर देहाची राख होते, आणि राखेवरील विधीही फसला तर ते पात्र कायमचे जाते. कथानक जेमतेम, एका जादूगाराने पळविलेला ताईत परत आणावयाचा, एवढेच. तरीही नामशेष झालेल्या पात्राचा शोक खरा असतो. येथे करुण निर्माण होतो तो शब्दांतून नव्हे, नियमांतून.

दुसरे उत्तर युजी होरी यांच्या जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) मध्ये मिळते. नायक मेला तर तो राजासमोर पुन्हा जिवंत होतो. जवळचे निम्मे सुवर्ण जाते, मिळविलेला अनुभव मात्र शाबूत राहतो. म्हणजे कौशल्याची उणीव वेळ देऊन भरून काढता येते. सूत्रधाराच्या जागी येथे चिकाटी बसविली आहे. कोणीही सामान्य मनुष्य प्रयत्नांती वीर होऊ शकतो, हे आश्वासन येथे नियमच देतात.

तिसरे उत्तर म्हणजे काठिण्यपातळीची निवड खेळाडूवर सोपविणे. 'बाल्डर्स गेट' (१९९८) मध्ये अशी सोय आहे; शिवाय खेळ जतन करून पराभवानंतर तेथूनच पुन्हा आरंभ करता येतो. या खेळातील नवशिक्या जादूगाराची प्रहार सोसण्याची शक्ती, शरीरप्रकृतीचा विशेष लाभ नसल्यास, जास्तीत जास्त चार अंकांची असते. तलवारीचा आघात आठ बाजूंच्या फाशाने मोजला जातो. एका वारात सारे संपू शकते. ग्रंथालयाच्या तटबंदीत वाढलेले आणि पालनकर्त्याच्या हत्येने एका रात्रीत पोरके झालेले मूल ही कथेची नायक-व्यक्तिरेखा आहे. वाटेवरच्या लांडग्याचीही भीती वाटावी, हे या पोरकेपणाशी सुसंगतच होय. पातळी अगदी खाली आणणारा खेळाडू त्या पोरकेपणाची गोष्ट ऐकतो. ते अनुभवीलच असे नाही.

५.

चौथ्या उत्तरात यंत्रालाच सूत्रधार केले जाते. बेथेस्डा कंपनीच्या 'ऑब्लिव्हियन' (२००६) मध्ये खेळाडूची पातळी वाढेल तसतसे जगातील बहुतेक शत्रूही बलवान होत जातात. हेतू असा की, खेळाडूने कोणत्याही दिशेस जावे आणि तेथे त्यास योग्य आव्हान मिळावे. परिणाम विपरीत झाला. वाटसरूंना लुटून जगणारे दरोडेखोर काही काळाने बहुमोल 'ग्लास' चिलखत लेवून उभे राहू लागले. ते चिलखत विकले असते तर त्यांना दरोडे घालण्याचे कारणच उरले नसते. शिवाय संभाषणासारखी कौशल्ये वाढवून ज्याने पातळी गाठली, त्याच्यासाठी शत्रू सबळ झाले आणि तो मात्र लढण्यात दुबळाच राहिला. वाढ हेच ज्या प्रकाराचे कथासूत्र, तेथे वाढ निरर्थक ठरली. पुढे 'स्कायरिम' (२०११) मध्ये निरनिराळ्या स्थळांना किमान व कमाल मर्यादा घालून हा दोष बराच कमी करण्यात आला.

अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले संभावनाविरह, म्हणजे समोर चाललेले संभवनीयच न वाटणे. चिलखतधारी दरोडेखोर हे त्याचे चपखल उदाहरण होय. स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासले जाणे, हेही त्यांनी विघ्नच मानले आहे. एकाच लढतीत विसाव्यांदा हरलेला खेळाडू नायकाचे दुःख विसरून आपल्या चिडीत बुडतो, तेव्हा हे दुसरे विघ्न उभे राहते. खेळाडू हा केवळ प्रेक्षक नसून कर्ताही असल्याने ही उपपत्ती येथे जशीच्या तशी लावता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि समतोल बिघडण्याचे दोन प्रकार, कृत्रिम सोय आणि निष्फळ छळ, वेगळे ओळखण्यास ती निश्चितच उपयोगी पडते.

६.

पाचवे उत्तर हिदेताका मियाझाकी यांच्या 'डार्क सोल्स' (२०११) चे. येथे काठिण्यपातळीची निवड नाही. मृत्यू आला की साठविलेले धन त्या जागी पडून राहते; तेथवर पुन्हा पोहोचलात तर ते परत मिळते, वाटेत मेलात तर जाते. शेकोटीपाशी विसावा घेतला की बहुतेक शत्रू पुन्हा उभे राहतात. परंतु हा छळ निष्फळ नाही. या जगातील शापित माणसे मरून पुन्हा उठतात आणि ज्याचा हेतू विझला तो भानहरपल्या देहासारखा भटकत राहतो, असे कथाच सांगते. खेळ सोडून देणारा खेळाडू आणि आशा सोडणारे पात्र यांत मग भेद उरत नाही. शिवाय काठिण्य येथे वाटते तितके अचल नाही. जाळ्यावरून जोडलेले अन्य खेळाडू जमिनीवर इशारे लिहून ठेवतात, बोलाविल्यास मदतीस येतात. सूत्रधाराची जागा पुन्हा माणसांनीच घेतली. फरक इतकाच की, ती माणसे आता परकी आणि अदृश्य आहेत.

७.

या विवेचनातून अभ्यासकापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. दोघांनी एकच खेळ निरनिराळ्या काठिण्यपातळीवर पूर्ण केला असेल, तर त्यांनी एकच संहिता वाचली काय? शब्द तेच, प्रसंगांचा क्रमही बहुधा तोच. परंतु भय, हानी आणि विजयाचे मोल निराळे. आमच्या मते यास पाठभेद मानणे उचित होईल. सोपी पातळी निवडणे ही लबाडी नव्हे. ज्याची बोटे तितकी चपळ नाहीत, दृष्टी अधू आहे किंवा वेळ थोडा आहे, त्याला सोपा पाठ नाकारणे म्हणजे ती संहिताच नाकारणे होय. मात्र दोन पाठ एकच आहेत असे समजून त्यांवर लिहिणेही शास्त्रीय नव्हे. प्राचीन काव्यावर लिहिताना आपण कोणती प्रत प्रमाण मानली हे नमूद करतो. त्याचप्रमाणे या प्रकारावर लिहिणाऱ्याने आपण कोणत्या पातळीवर खेळलो, कोठे हरलो आणि कोठे माघार घेऊन पुन्हा आरंभ केला, हे आरंभीच नोंदविले पाहिजे. असे न केल्यास टीकाकार संहितेविषयी बोलत आहे की केवळ आपल्या सोयीविषयी, हे वाचकास कधीच कळणार नाही.