बायांचे लपलेले दुखणे

खोकला आला, शिंक आली की पुष्कळ बायांना थेंबभर लघवी होते. काहींना खाली ओझे लोंबल्यासारखे वाटते. त्याला आपण 'अंग बाहेर येणे' म्हणतो. बाई लाजते. नवऱ्यालाही सांगत नाही. पण ही करणी नाही आणि देवाचा कोपही नाही. हे स्नायूंचे दुखणे आहे.

हे का होते ते पाहू. कमरेच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी असते. तान्हे मूल आपण झोळीत निजवतो ना, तशीच. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचे आतडे यांना तिचाच आधार. बाळंतपणात ती ताणते. त्यावर लगेच मोळी किंवा हंडा उचलला, तर ती आणखी सैल पडते. जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांनीही तसेच होते.

बायांची दुखणी किती झाकलेली असतात पाहा. गडचिरोलीकडे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांना तपासले. ती माहिती १९८९ साली छापून आली. शंभरांत ९२ जणींना स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार होता. आधी तपासणी झालेल्या मात्र शंभरांत ८ च!

सैल झोळी व्यायामाने आवळता येते. अशा उपचाराला फिजिओथेरपी म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम जगापुढे मांडला. तो असा :

आधी लघवी करून या. उताणे निजा, गुडघे मुडपा. वारा आणि लघवी रोखतो तसे आतले अंग वर ओढा. पाच अंक मोजा. सोडा. पुन्हा पाच मोजा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका. मांड्या आवळू नका. दुखले तर थांबा. गुण यायला तीन महिने लागतात. धीर सोडू नका.

जमत नसेल तर फिजिओथेरपीचे जाणकार तपासून शिकवतात. दुखणे थोडे असेल तर व्यायामाने बराच आराम पडतो. पण गोळा बाहेर दिसला, रक्त गेले, लघवी अडली किंवा जळजळली, तर आधी दवाखाना गाठा. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे. वाट ठाऊक नसेल तर आशाताईला विचारा. दुखणे वाढले असले तरी आत कडे बसवून किंवा ऑपरेशन करून उपाय होतो.

आणि बाप्यांनो, तुम्हालाही आम्ही एक सांगतो. बाळंतिणीच्या डोक्यावर निदान दीड महिना मोळी देऊ नका. तेवढे दिवस हंडा तुम्ही उचला. त्यात कसली लाज?