बल्ब बदलला, तरी मागचा दिवा लागेना

पहाटे दिल्लीच्या आझादपूर मंडीतून माल भरून निघणाऱ्या पिकअप एकदा मागून बघाव्यात. एकीचा डावा टेल लाइट बंद. दुसरीचा ब्रेक दाबला की लाल दिवा उजळायच्या ऐवजी विझतो. तिसरीचा इंडिकेटर चालू झाला की त्याच्या तालावर टेल लाइटही मिणमिणायला लागतो. लासलगावचा कांदा आणि नागपूरची संत्री या मंडीतून पुढे नोएडा, गुडगाव, फरिदाबादच्या बाजारांत पोहोचवतात त्या याच गाड्या: टाटाचा ‘छोटा हाथी’, बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त. चालकाला दिव्याचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘बल्ब गया होगा.’ मग बल्ब बदलला जातो, चार दिवस दिवा लागतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

बल्ब जातो, नाही असं नाही. काढून उजेडासमोर धरला की आतली तुटलेली तार दिसते, काच काळवंडलेली असते. पण तार शाबूत असेल तर नवा बल्ब विकत घेण्यात अर्थ नाही. जुन्या पिकअपमध्ये दोष बहुतेक वेळा वीज बल्बपर्यंत येण्यात नसतो, ती बल्बमधून परत जाण्यात असतो. मेकॅनिक ज्याला ‘अर्थ’ म्हणतात, ती परतीची वाट.

ही भानगड कळायला बल्बची रचना माहीत हवी. टेल आणि ब्रेक या दोन्ही कामांना बहुतेक जुन्या पिकअपमध्ये एकच बल्ब असतो आणि त्याच्या पोटात दोन तारा असतात: टेलची ५ वॉटची, ब्रेकची २१ वॉटची. दोघींना प्लस वेगवेगळा मिळतो, परतीची वाट मात्र एकच. बल्बची पितळी टोपी, तिथून होल्डर, होल्डरमधून अर्थची वायर, मग चेसिस आणि शेवटी बॅटरीचा मायनस. आता ही वाट गंजाने बंद झाली असं समजा. ब्रेक दाबला की २१ वॉटच्या तारेतून आलेली वीज दुसरी वाट शोधते. ती ५ वॉटच्या तारेतून उलटी टेलच्या वायरमध्ये शिरते आणि पुढच्या पार्किंगच्या, नंबरप्लेटच्या, डॅशबोर्डच्या दिव्यांमधून चेसिसला जाऊन मिळते. म्हणून दिवे बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला तरी डॅशबोर्ड अंधुक उजळतो. चालकाला वाटतं, वायरिंगमध्ये कुठेतरी वायरी एकमेकींना चिकटल्या. टेल आधीच चालू असेल, तर ब्रेक दाबल्यावर त्या ५ वॉटच्या तारेच्या दोन्ही टोकांना प्लस येतो, वीज वाहायला जागाच उरत नाही आणि दिवा विझतो. मागच्या गाडीवाल्याच्या दृष्टीने याहून घातक प्रकार नाही. पुढची गाडी थांबतेय आणि तिचा दिवा चक्क नाहीसा होतोय!

‘गाडी लोखंडाची आहे, अर्थ आपोआप मिळतो,’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीपुरतं ते चालून जातं. पिकअपचा मागचा हौदा मात्र अनेकदा स्थानिक बॉडी बिल्डरने बांधलेला असतो, चेसिसवर रबराच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांवर बसवलेला असतो आणि त्यावर रंगाचे थरावर थर चढलेले असतात. टेल लाइटचं घर प्लास्टिकचं, तर त्याचे स्क्रू गंजलेले. लोखंड भरपूर आहे, पण ते एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेलंच नाही. भर म्हणून गाझीपूरच्या मासळी बाजाराच्या फेऱ्या करणारी गाडी घ्या. बर्फाचं वितळलेलं, खारट पाणी हौद्याच्या फटींतून नेमकं मागच्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडावर ठिबकतं. तो कपलर उघडला की पितळी पिनांवर हिरवट पावडर दिसते, एखादी पिन हात लावताच तुटून येते. नव्या बल्बने दिवा चार दिवस का लागतो, याचं उत्तरही इथेच आहे. बल्ब काढताना-घालताना होल्डर घासला जातो, थोडा गंज खरवडला जातो, आणि श्रेय बल्बला मिळतं.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एक लांब वायर घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या धातूला लावा आणि ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा. दिवा लखलखला तर दोष अर्थचाच. उपाय म्हणजे होल्डरपासून चेसिसपर्यंत नवी वायर टाकायची. वायरच्या टोकाला थिंबल दाबून बसवायचं, चेसिसवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासायची, बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. वायरी नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळणं हा उपाय नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात त्याच गुंडाळीत पाणी साठतं.

गॅरेजातला दुसरा लाडका समज म्हणजे ‘मीटर १२ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे लाइन ठीक आहे.’ मीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाही, त्यामुळे केसाएवढा तांब्याचा धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. वाटेत गंजामुळे अवघ्या एका ओहमचा अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि बल्बचा उजेड साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरची एक पिन होल्डरच्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. आकडा शून्याच्या आसपास हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर बल्बचं दुकान विसरा.

फ्यूजबद्दलचा समज मात्र निव्वळ गैर नाही, जीवघेणा आहे. १० अँपिअरचा लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून २० चा पिवळा लावायचा, किंवा थेट तांब्याची तार गुंडाळायची. फ्यूज उडतो कारण कुठेतरी प्लसची वायर सोलली जाऊन चेसिसला टेकते. पिकअपमध्ये बहुधा हौद्याच्या खाली, जिथे वायरिंग लोखंडी कडेवरून जातं तिथे. मोठा फ्यूज लावल्याने ती वायर बरी होत नाही. फ्यूजऐवजी आता वायर तापते, आणि तिच्या शेजारून सीएनजीची नळी जात असू शकते.

काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात हल्ली एलईडी बल्बांची चलती आहे. ‘एलईडी टाका, कटकट संपेल,’ असा सल्ला मिळतो. एलईडीचे फायदे खरे आहेत. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेते, एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या मागच्या गाडीसाठी तेवढ्यात सव्वातीन मीटरचा फरक पडतो. पण खराब अर्थवर एलईडी लावला तर दोष झाकला जातो किंवा वाढतो. त्याला इतकी कमी वीज लागते की चोरवाटेने आलेल्या विजेवरही तो अर्धवट पेटलेला राहतो. शिवाय लाल काचेमागे पांढरा एलईडी फिका, गुलाबीसर दिसतो, कारण त्याच्या प्रकाशात लाल रंगाचा वाटा कमी असतो. तिथे लालच एलईडी हवा. आणि इंडिकेटरला एलईडी लावल्यावर टिकटिक दुप्पट वेगाने व्हायला लागली, तर फ्लॅशर बिघडलेला नसतो. कमी वीज जातेय म्हणजे एक बल्ब गेला, असा त्याचा हिशेब असतो. साध्या बल्बांवरही टिकटिक अचानक वेगात झाली, तर खाली उतरून कोणता बल्ब बंद आहे ते बघायचं.

बल्बला बोट लावू नये, हा नियम हेडलाइटच्या हॅलोजनचा. मागच्या बल्बला खुशाल हात लावा. मात्र त्याच्या टोपीवरच्या दोन पिना मुद्दाम खाली-वर असतात. जोर लावून एका तारेचा बल्ब त्याच जागी कोंबला तर त्याचं तळ होल्डरच्या दोन्ही टोकांना एकत्र जोडतं, आणि ब्रेक दाबताच सगळ्या पार्किंग दिव्यांची दिवाळी होते.

‘मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आहे ना, मग दिवा नसला तरी चालतं.’ डिसेंबर-जानेवारीत हे ऐकलं की अंगावर काटा येतो. पट्टी स्वतः उजळत नाही, मागच्याच्या हेडलाइटचा उजेड परत पाठवते. धुक्यात तो उजेड जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा विरतो. दिव्याचा प्रकाश एकदाच. ८ नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी यमुना एक्स्प्रेसवेवर धुरक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्या, त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. गाडीतून उतरलेली माणसं ओरडत कडेला पळताहेत आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तशीच धडकतेय.

राहता राहिला मालकाचा युक्तिवाद. दिल्लीत १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन नको, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम ठेवला; २०२५ मध्ये त्यात फेरबदल झाले. ‘उद्या मायापुरीच्या भंगारात जायची गाडी, तिच्या दिव्यावर आज कशाला खर्च?’ आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, म्हणून त्या एका दिवसापुरते दिवे लावून न्यायचे. खर्चाचा बाऊही बहुधा ‘पूर्ण वायरिंग किट बदलावं लागेल’ या भीतीतून येतो. तशी वेळ क्वचितच येते. एका बाजूचा दिवा बंद असेल तर दोष मागे त्याच होल्डरजवळ शोधायचा. दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट एकदम गेले तर दोन्ही बल्ब एकाच वेळी जाण्याची शक्यता कमी. आधी फ्यूज, मग ब्रेकच्या पेडलजवळचा स्विच बघायचा. आणि दोन्ही सतत पेटलेलेच राहत असतील, तर त्या स्विचला दाबून ठेवणारा रबराचा छोटा गुटका झिजून गळून पडला आहे का, ते पेडलखाली टॉर्च मारून बघायचं. त्याचे तुकडे बऱ्याचदा तिथेच पायपोसावर सापडतात.