मुलांच्या मापाचा संडास

घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारांवर, अंधेरी-बोरिवलीच्या नाल्यांकाठी दाटीने वसलेल्या वस्त्यांतली मुले आपल्या वर्गात असतात. त्यांतले एखादे रोज उशिरा येते आणि कारण विचारले की मान खाली घालते. त्याला रागावण्याआधी थोडे गणित करू.

मुंबईच्या १९९० च्या दशकातील झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात ५० माणसांमागे एक संडास असे प्रमाण धरले होते. माणशी ५ मिनिटे धरली तर ५० जणांना २५० मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ लागतो. घाई मात्र सगळ्यांना सकाळच्या दोन तासांतच असते. तेवढ्यात २४ जणांचाच नंबर लागेल. मागे राहते ते लहान मूल. कागदावर ते ‘५० पैकी एक’ असते, रांगेत मात्र ते कुठेच नसते.

नंबर लागला तरी अडचण संपत नाही. आत अंधार, कडी उंचावर, आणि भांडे मोठ्यांच्या मापाचे. आपण आत पडू अशी भीती मुलाला वाटते. मग ते गटाराच्या कडेला बसते. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज खरा नाही. तिच्यातूनही जुलाब, कावीळ, जंत पसरतात. पावसाळ्यात गटार तुंबले की तेच पाणी अंगणात येते आणि तिथेच मुले खेळतात.

ही अडचण नकाशा काढणाऱ्यांना दिसली नव्हती, ती रोज मुलांना घेऊन जाणाऱ्या बायकांना ठाऊक होती. मुंबईत १९८४ साली सुरू झालेली ‘स्पार्क’ ही संस्था, ‘महिला मिलन’ आणि झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ यांनी वस्तीतल्या लोकांबरोबर बसून संडासांचे आराखडे केले. त्यांत मुलांसाठी वेगळी जागा आली : लहान भांडी, धरायला दांडा, आणि खाली मोठे भोक नाही. बायकांची रांग वेगळी झाली, राखणदाराला खोली मिळाली, कुटुंबांनी महिन्याचा पास काढून देखभालीचा खर्च उचलला. १९९९ पासून पुणे महापालिकेने अशी शौचालये मोठ्या संख्येने बांधून घेतली. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत मुलांच्या संडासाचा नमुना उभा केला होता. तो पाहायला सरचिटणीस कोफी अन्नान आले होते.

शाश्वत नियोजनाचा अर्थ यात स्पष्ट होतो. जे वापरणाऱ्याच्या मापाचे नसते ते वापरले जात नाही, आणि जे आपले वाटत नाही त्याची निगा कोणी राखत नाही.

वर्गात काय करता येईल? वस्तीतल्या संडासाबद्दल मुलांना सर्वांसमोर विचारू नये, त्यांना लाज वाटते. सुरुवात शाळेपासून करावी. पहिलीच्या मुलांचा हात वर केल्यावर किती सेंटिमीटरपर्यंत पोचतो ते मोजा. मग शौचालयाची कडी, नळ, दिव्याचे बटण किती उंचीवर आहे ते मोजा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडून मुलांनाच मुख्याध्यापकांकडे न्यायला सांगा. नियोजनात भाग घेण्याचा हा त्यांचा पहिला धडा ठरेल.