हस्तिदंताची डबी विकावी काय?

आमच्या शेजारच्या वहिनींचे सासरे गेल्या श्रावणांत वारले. दीड महिन्यानें त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हां तळाशीं एक डबी निघाली. वीतभर लांब, चंदनाची, आणि झांकणावर पांढऱ्या, काळ्या व हिरव्या बारीक चौकटींचें जडावकाम. भोसरीला कारखान्यांच्या आधारानें जीं असंख्य कुटुंबें येऊन राहिलीं त्यांतलेंच हें एक. ट्रंक मात्र आजेसासूबाईंच्या वेळची, गिरगांवांतून आलेली. वहिनी डबी घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, हा हस्तिदंत आहे म्हणतात. ओळखीचे एक गृहस्थ चांगले पैसे देतों म्हणाले आहेत. धाकट्याची कॉलेजची फी तेवढ्यांत निघेल. पण तोच म्हणतो, हें विकणें गुन्हा आहे. ज्या हत्तीचा हा दांत तो मरून शंभर वर्षें होऊन गेलीं असतील. आतां डबी विकली काय आणि ठेवली काय, त्याचें काय जातें?"

प्रश्न बिनतोड वाटतो. मोठमोठ्या व्यापाऱ्यांनीं थोड्याफार फरकानें हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नाहीं. थोडें मागें जावें लागेल.

हत्तीचे दाखवायचे दांत निराळे आणि खायचे निराळे, ही म्हण आपण माणसांना लावतों. हत्तीच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे. बाहेर दिसणारा सुळा हा वरच्या जबड्यांतला पटाशीचा दांत असून तो जन्मभर वाढत असतो. त्याचा सुमारें तिसरा हिस्सा कवटीच्या खोबणींत रुतलेला असतो. तेथें तो पोकळ असतो आणि त्या पोकळींत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. हरणाचें शिंग गळून पडतें, मेंढीची लोकर कातरतां येते; सुळा मात्र हत्ती जिवंत ठेवून मुळापासून काढतां येत नाहीं. आपोआप मेलेल्या हत्तींचे सुळे मिळतात हें खरें, पण बाजाराची भूक तेवढ्यावर कधींच भागली नाहीं.

आफ्रिकेंतील हत्तींत नर आणि मादी या दोघांनाहि सुळे असतात. आपल्याकडे ते फक्त नराला, आणि तेहि सर्व नरांना नसतात. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. त्यामुळें आपल्या अरण्यांत चोरट्या शिकाऱ्याची गोळी नेमकी सुळेवाल्या नरालाच शोधते. केरळांतील पेरियारच्या जंगलांत १९८० नंतरच्या दशकांत एका प्रौढ नरामागें शंभराहून अधिक माद्या अशी स्थिति आली होती. दुरून पाहणाऱ्याला कळप भरलेला दिसे, पण त्यांत पिलें फार थोडीं. अरण्य रिकामें न होतांहि वंश खुंटूं शकतो, तो असा.

इतकें असूनहि हस्तिदंताची कला आपल्या देशांत फार जुनी आणि फार मानाची आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एका लेखांत, तेथील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनीं केल्याची नोंद आहे. दांत कोरणाऱ्या हातांनींच तो दगड कोरला! आपल्या महाराष्ट्रांत जालना जिल्ह्यांतील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यांतील तेर हीं सातवाहनांच्या काळचीं भरभराटीचीं व्यापारी गांवें. दोन्ही ठिकाणीं हस्तिदंताच्या स्त्रीमूर्ति सांपडल्या आहेत. इकडे १९३८ सालीं इटलींतील पाँपेई शहराच्या उत्खननांत अशीच एक भारतीय मूर्ति निघाली. तें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें, म्हणजे मूर्ति त्यापूर्वींच तेथें पोंचली होती. तिची घडण आपल्या या मूर्तींशीं इतकी जुळते कीं, ती दख्खनांतूनच गेली असावी असें अनेक विद्वानांस वाटतें. तेरच्या लामतुरे संग्रहालयांतील मूर्ति ज्यांनीं पाहिली नसेल त्यांनीं ती अवश्य पाहावी. मला तर वहिनींच्या प्रश्नाचा सारा तिढा त्या चिमुकल्या मूर्तींत दिसतो. वस्तु सुंदर आहे, आणि तिच्यासाठीं बहुधा एक हत्ती मेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या.

पुढें पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील ख्रिस्तमंदिरांसाठीं हस्तिदंताच्या मूर्ति घडूं लागल्या. जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयांत त्या पाहावयास मिळतात. एकोणिसाव्या शतकांत मुंबई ही पूर्व आफ्रिकेच्या हस्तिदंताची मोठी पेठ बनली. झांजिबारहून सुळे मुंबईस येत. येथें त्यांची निवड होऊन कांहीं लंडनला रवाना होत, तर कांहीं गुजरात व राजपुतान्यांत बायकांच्या चुड्यांसाठीं जात. वहिनींची डबी ज्या धर्तीची, ती जडावाची कला इराणाकडून सिंधमार्गें सुरतेस व मुंबईस आली असें म्हणतात. पारशी कारागीर तींत निष्णात होते. तेव्हां त्या झांकणावरचा हत्ती बहुधा आपल्याकडचा नव्हेच, आफ्रिकेंतला.

त्या आफ्रिकेंत १९७९ सालीं सुमारें तेरा लाख हत्ती असल्याचा अंदाज होता. दहा वर्षांत तो सहा लाखांच्या आसपास उतरला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत अठरा देशांच्या गवताळ प्रदेशांत ३,५२,२७१ हत्ती आढळले. त्यापूर्वींच्या सात वर्षांत सुमारें तीस टक्के घट झाली होती. मोझांबिकच्या गोरोंगोसा अरण्यांत तर १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धांत सुळ्यांसाठीं एवढी कत्तल झाली कीं, जन्मतःच सुळे नसलेल्या माद्यांचें प्रमाण सुमारें साडेअठरा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर गेलें. ज्यांना सुळे नव्हते त्याच वांचल्या आणि त्यांच्याच मुली वाढल्या. आपल्या देशांत २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणें रानटी हत्तींची संख्या २२,४४६ धरली आहे.

आतां कायद्याकडे वळूं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. हत्तीला त्याच्या पहिल्या अनुसूचींत १९७७ सालीं स्थान मिळालें, आणि १९८६ च्या दुरुस्तीनें देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. परंतु आफ्रिकेंतून आलेला हस्तिदंत विकण्यास तेव्हां मोकळीक राहिली, आणि येथेंच ग्यानबाची मेख होती. चोरीचें सोनें एकदां आटवलें म्हणजे त्यावर धन्याचें नांव राहत नाहीं. हस्तिदंताचेंहि तसेंच. सुळा कापून त्याचे मणी, बांगड्या, मूर्ति केल्या म्हणजे तो वायनाडचा कीं झांजिबारचा, कालचा कीं पणजोबांच्या वेळचा, हें दुकानाच्या कांचेंतून कोण सांगणार? प्रयोगशाळेंत वय काढतां येतें, पण त्यासाठीं वस्तूचा तुकडा कापावा लागतो आणि खर्चहि पुष्कळ. उजळ दुकान जोंवर उघडें, तोंवर चोरट्या मालाला त्यांत शिरावयास दार मोकळें.

म्हणून १९९१ च्या दुरुस्तीनें आयात केलेल्या हस्तिदंताचाहि व्यापार बंद करण्यांत आला. व्यापाऱ्यांचें म्हणणें असें कीं, आम्हीं माल कायदेशीर रीतीनें घेतला, तो विकण्याचा हक्क घटनेनें आम्हांस दिला आहे. दिल्ली उच्च न्यायालयानें १९९७ सालीं आणि सर्वोच्च न्यायालयानें २७ ऑगस्ट २००३ रोजीं हें म्हणणें अमान्य केलें.

त्याच दिवशीं दुसराहि एक मौजेचा वाद निकालांत निघाला. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनींतून मॅमथ नांवाच्या, हजारों वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या प्राण्याचे सुळे निघतात. तो हत्ती नव्हे, आणि जो उरलाच नाहीं त्याचें रक्षण तें काय करावयाचें, असा युक्तिवाद होता. वरवर पाहतां तो खराच वाटतो! पण सुळ्याच्या आडव्या कापावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषा असतात; मॅमथच्या रेषांचा कोन लहान व हत्तीच्या रेषांचा मोठा, एवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा फरक. गुंजेएवढ्या मण्यावर तो कोन कोठें मोजणार? न्यायालयानें मॅमथचा हस्तिदंतहि बंदींतच धरला.

मग सरकारी कोठारांत सांठलेले सुळे तरी विकून तो पैसा हत्तींसाठीं खर्चावा, असें पुष्कळ समंजस माणसें विचारतात. हा प्रयोग जगानें करून पाहिला आहे. २००८ सालीं आफ्रिकेंतील चार राष्ट्रांनीं सुमारें शंभर टन हस्तिदंत चीन व जपान यांस परवानगीनें विकला. स्वस्त माल आला म्हणजे चोरीचा धंदा बसेल अशी अपेक्षा होती. पुढील वर्षांत चोरटी शिकार वाढत गेली आणि २०११ सालीं तिनें कळस गांठला. कारण एकच होतें कीं आणखीहि कांहीं, यावर तज्ज्ञांत वाद आहे; तरी अपेक्षा फळली नाहीं हें उघड आहे. केनियानें १९८९ सालीं बारा टन सुळे जाहीरपणें जाळले तेव्हां पुष्कळांना तो वेडेपणा वाटला होता. मला आज तो तितकासा वाटत नाहीं. पुढें चीननें २०१७ च्या अखेरीस आपला अंतर्गत बाजार बंद केला, आणि हाँगकाँगनें २०२१ च्या अखेरीस. आपण हें पाऊल त्यांच्या कितीतरी आधीं टाकलें होतें.

यांत एका वर्गावर मात्र अन्याय झाला असें मला वाटतें. व्यापाऱ्यांचें गाऱ्हाणें न्यायालयांनीं निदान ऐकून घेतलें. मुर्शिदाबाद, जयपूर, म्हैसूर, त्रिवेंद्रम येथील कोरणाऱ्यांच्या हातचें काम गेलें तेव्हां त्यांची विचारपूस फारशी कोणी केली नाहीं. कांहीं उंटाच्या हाडाकडे वळले, कांहीं चंदनाकडे. कित्येकांच्या मुलांनीं हत्यारच धरलें नाहीं.

वस्तूंची गरज मात्र दुसऱ्या वाटेनें भागली. १८६३ च्या सुमारास अमेरिकेंत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत व सुळे महागले होते. म्हणून एका कंपनीनें पर्यायी पदार्थासाठीं दहा हजार डॉलरांचें बक्षीस लावलें. त्या खटपटींतून जॉन हायट यानें सेल्युलॉइड तयार केलें, आणि प्लास्टिकच्या धंद्याचा एक उगम तेथें आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत आज सांच्यांतून जीं बटणें, मुठी आणि झांकणें भराभर पडत असतात, त्यांच्या वंशवृक्षाच्या मुळाशीं असा हत्ती उभा आहे. प्लास्टिकचे दोष आपण रोज ऐकतों. त्याचा हा एक गुण सहसा कोणी सांगत नाहीं.

असो. वहिनींची डबी आम्हीं भिंगाखालीं धरली. तापलेली सुई टोंचून पाहण्याची जी रीत सांगतात ती कोणी करूं नये. वस्तु मात्र डागाळते. पांढऱ्या त्रिकोणांवर काळसर बारीक ठिपके दिसले, म्हणजे तें हाड. कडेच्या पट्ट्यांवर मात्र त्या छेदणाऱ्या रेषा अंधुक दिसत होत्या. हस्तिदंत होता खरा.

नियम असा आहे. मालकीचा दाखला असेल तर अशी वस्तु घरांत ठेवतां येते, वारसाला मिळूं शकते; पण ती विकतां येत नाहीं आणि कसलाहि मोबदला घेऊन दुसऱ्यास देतां येत नाहीं. विकणाऱ्यास तीन ते सात वर्षें कैद आणि वर दंड. वारसानें नव्वद दिवसांच्या आंत मुख्य वन्यजीव रक्षकांस कळवावें लागतें. वस्तु नकोशी झाली तर २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें दाखला असलेल्यास ती सरकारजमा करतां येते. मोबदला मिळत नाहीं.

"दाखला म्हणजे कसला?" वहिनींनीं विचारलें. त्या परत गेल्या आणि तासाभरानें विम्याच्या कागदांत खोंचलेला एक पिंवळट कागद घेऊन आल्या. २००३ सालीं सरकारनें अशा वस्तूंच्या नोंदणीसाठीं मुदत दिली होती, तेव्हां सासऱ्यांनीं गाजावाजा न करतां डबी नोंदवून ठेवली होती. नव्वद दिवसांपैकीं पंचेचाळीसांहून अधिक दिवस गेलेले. त्याच संध्याकाळीं आम्हीं नागपूरच्या कार्यालयाच्या नांवें अर्ज लिहिला, अक्षर धाकट्याचें. फीसाठीं वहिनींनीं पतपेढींतून कर्ज काढलें आहे. त्या गृहस्थांचा पुढें दोनदां फोन आला, आणि दोन्ही वेळां तो धाकट्यानेंच घेतला.