अकरा हजारांचं इंजिन

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय नवीनच काढलं! आज आपण छोट्या रेल्वेच्या छंदाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे खऱ्या रेल्वेची मापात लहान केलेली प्रतिकृती करायची, तिच्यासाठी रूळ, डोंगर, स्टेशन उभं करायचं आणि ती गाडी चालवायची. हा विषय आमच्याकडे आला तो गटाच्या बैठकीतून, आणि तोही थकलेल्या हप्त्यामुळे.

झालं असं, की आमच्या एका गटातल्या मावशींचे दोन हप्ते राहिले. घरावर पत्रे टाकायला त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं. हप्त्याचे पैसे पुण्याला कारखान्यात कामाला असलेला मुलगा पाठवायचा. बैठकीत विचारलं तर मावशी आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काय सांगू ताई, पोराला वेड लागलंय. अकरा हजाराचं रेल्वेचं इंजिन आणलंय, बोटाएवढं. आणि आणल्या आणल्या त्याचं वरचं टरफल काढून बाजूला ठेवलं. लहान असता तर दोन धपाटे घातले असते. सत्तावीस वर्षांच्या पोराला काय करू?"

बायका हसल्या. पण मावशींनी पदर डोळ्यांना लावला तसं हसू थांबलं. खरं सांगायचं, तर मुलगा हाताबाहेर गेला असंच आम्हालाही तेव्हा वाटलं.

पुढच्या महिन्यात गटांच्या मालाचं विक्री प्रदर्शन होतं, म्हणून आम्ही पुण्याला गेलो. मावशीही होत्या. शेवटच्या दिवशी शेवया आणि चटण्या दुपारीच संपल्या, तेव्हा चौघीजणी मुलाच्या खोलीवर गेलो.

खोलीत अर्धी जागा एका फळीनं अडवलेली. पलंगाएवढी प्लायवूडची फळी, खाली लाकडी पाय. फळीवर रूळ, एक छोटं स्टेशन, शेतं, ओढा, ओढ्यावर पूल. आम्हाला पहिली आठवण झाली ती दिवाळीच्या किल्ल्याची. आपण नाही का, माती लिंपून त्यावर हळीव-मोहरी पेरतो, की चार दिवसांत हिरवळ येते, तसंच काहीसं. फरक एवढाच, की किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी चालतो. इथे ते चालत नाही. इथे सगळा कारभार मापाचा आहे.

मुलानं समजावलं ते असं. या छंदात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माप आहे एचओ. त्यात खरी वस्तू ८७ पट लहान करतात. म्हणजे खऱ्या वस्तूची लांबी घ्यायची आणि ८७ नं भागायचं. आजचा लांब पल्ल्याच्या गाडीचा नवा डबा साडेतेवीस मीटरचा असतो, तो २७ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे एक वीत आणि वर दोन-तीन बोटं. पाच फुटांची बाई होते पावणेदोन सेंटिमीटरची. एक किलोमीटरचा रस्ता होतो साडेअकरा मीटरचा. आता बघा, चोवीस डब्यांची गाडी या मापातसुद्धा साडेसहा मीटर लांब होईल. ती कुठल्या खोलीत मावणार? म्हणून छंदवाले चार-पाच डब्यांवर भागवतात. वळणंही हिशेबानं द्यावी लागतात. वळण फार आवळलं तर डबे घसरतात, आणि चढ फार दिला तर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं.

दुसरी गंमत रुळांची. आपल्याकडच्या मोठ्या लाइनीच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवं. पण बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या लाइनीवरून केलेले. त्यामुळे आपली मोठी गाडी करणाऱ्यांना ही तडजोड पत्करावी लागते.

"पण मी जी गाडी करतोय ना ताई, तिला तडजोड फारशी लागत नाही," मुलगा म्हणाला. "तिचे रूळ अडीच फुटांचे होते. ८७ नं भागले की पावणेनऊ मिलिमीटर. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात."

मावशी एकदम म्हणाल्या, "आरं, अडीच फुटांची म्हणजे आपली बार्शी लाइट का काय?"

तीच होती. आमच्या भागातल्या जुन्या बायकांना ही गाडी वेगळी सांगायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली. १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत ती सुरू झाली. १९०६ साली पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. रूळ हलके, म्हणून इंजिनाचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं जाईल अशी त्या इंग्रजानं रचना केली होती. पुढे टप्प्याटप्प्यानं ती सगळी लाइन रुंद झाली आणि छोटी गाडी गेली.

आता ते काढलेलं टरफल. बार्शी लाइटचं इंजिन दुकानात तयार मिळत नाही. म्हणून नऊ मिलिमीटर रुळांवर चालणारं एखादं परदेशी इंजिन घ्यायचं, त्याची मोटर आणि चाकं ठेवायची आणि वरचा सांगाडा आपण नवा करायचा. मुलगा तेच करत होता. बॉयलरसाठी नळीचा तुकडा, बाकी अंगासाठी प्लॅस्टिकचे पातळ पत्रे. इंजिनावरचे रिव्हेट दाखवायला पत्र्याला मागून सुईनं एकेक टिंब दाबायचं. एका बाजूला शंभर टिंबं. एक चुकलं की तो पत्रा बाद. मावशींनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "काशिद्यापेक्षा बारीक काम आहे हे."

चालतं कसं, तेही विचारलं. घरातली वीज २३० व्होल्टची. ती थेट रुळात कधीही द्यायची नसते, हे आधी लक्षात ठेवा. ट्रान्सफॉर्मरनं ती १२ व्होल्टपर्यंत खाली आणतात आणि दोन रुळांत सोडतात. एका रुळातून वीज इंजिनात जाते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. वीज वाढवली की गाडी जोरात, तारा उलट केल्या की गाडी मागे. हल्ली इंजिनात छोटी चिप बसवून प्रत्येक इंजिनाला त्याचा नंबर देतात. मग एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. रुळांवर धूळ बसली की वीज पोहोचत नाही आणि गाडी अडते. म्हणून चालवण्याआधी दर वेळी रूळ पुसायचे. "निम्मा वेळ पुसण्यातच जातो," असं तो म्हणाला, तेव्हा आम्ही चौघी हसलो. छंद पुरुषांचा असला तरी फडकं सुटत नाही!

फळीवरची शेतं आणि डोंगर यांत पैसे फारसे जात नाहीत. डोंगर थर्माकोलचा किंवा कोंबड्यांच्या जाळीवर प्लास्टरमधले कपडे टाकून केलेला. रुळांखालची खडी म्हणजे चाळून घेतलेली बारीक वाळू. ती पसरून वर पाणी घातलेला पांढरा डिंक थेंबाथेंबानं सोडायचा. डिंकात साबणाचा एक थेंब टाकला की तो वाळूत नीट मुरतो. हिरवळीसाठी रंगवलेला लाकडाचा भुसा. बाभळी म्हणजे पिळलेली तार आणि वाळलेल्या काटक्या.

डब्यांचं काम मात्र आम्हाला उलटंच वाटलं. नवा, चकचकीत डबा घेतात आणि तो जुना करतात! खरी गाडी उन्हापावसात चालते, ती चकचकीत नसते. म्हणून खडूची भुकटी घासून धूळ दाखवायची. रंग पाण्यासारखा पातळ करून फटींत सोडायचा, म्हणजे मळ साचल्यासारखा दिसतो. ब्रेकची तांबूस धूळ चाकांजवळ, काजळी इंजिनाच्या धुराड्यापाशी, गंज मालडब्याच्या आतल्या अंगाला. मोठ्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागची पिवळी फुली तुम्ही पाहिली असेल. ती दिसली की स्टेशनावरच्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण गेली, मागे डबा राहिला नाही. मोठ्या गाड्या करणारे ती फुलीसुद्धा विसरत नाहीत.

हे सगळं ऐकताना मावशी शेतांकडे बघत होत्या. मुलानं रुळालगत सगळीकडे ऊस लावला होता. "हे कुठल्या सालचं रे?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "पंचाहत्तर सालचं. कार्तिकीची गाडी, पंढरपूरला निघालेली." मावशी म्हणाल्या, "मग ऊस काढ. तेव्हा उजनीचं पाणी कुठं होतं? मी आईबरोबर कार्तिकीला या गाडीनं जायची. दोन्ही अंगाला ज्वारी असायची, गुडघ्याएवढी. कणसं नाहीत हं, कणसं मागनं येतात."

मुलानं उठून उजनी धरणाचं साल पाहिलं. धरण पुरं झालं १९८० साली. ऊस चुकला होता. गुडघ्याएवढी ज्वारी म्हणजे दीड फूट. ८७ नं भागली की अर्धा सेंटिमीटर. त्यानं आमच्यासमोरच ऊस उपटायला सुरुवात केली. मग एकेक विचारत राहिला. गाडीला गर्दी किती असायची? माणसं टपावर बसायची का? बाया कुठं बसायच्या, तुळशी कुठं ठेवायच्या? कुठल्याही फोटोत त्याला हे मिळालं नव्हतं, आणि आईला विचारावं हे सुचलंही नव्हतं.

जाताना त्यानं आम्हाला कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवलं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. दिवे मंद होतात, छोट्या गावात संध्याकाळ होते आणि सगळ्या गाड्या एकदम निघतात. जर्मनीत हॅम्बुर्गला दोन जुळ्या भावांनी २००१ साली असंच मोठं प्रदर्शन सुरू केलं, तिथे हजाराहून जास्त गाड्या आहेत. म्हणजे मावशींचा मुलगा काही एकटा वेडा नाही.

पण मैत्रिणींनो, हप्त्याचा प्रश्न तसाच होता. आम्ही तो त्याच्यापुढे स्पष्ट ठेवला. आईला बैठकीत मान खाली घालावी लागली, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुधाच्या पैशांतून आई भागवेल असं त्यानं धरलं होतं. त्यानं तयार घेतलेला मोठ्या गाडीच्या डब्यांचा एक संच दुसऱ्या छंदवाल्याला विकला आणि दोन्ही हप्ते एकदम भरले. आता त्यानं एक वही घातली आहे. पगारातून आधी घराचे पैसे, मग शिल्लक, मग छंदाची ठरलेली रक्कम. महाग वस्तू घ्यायची तर त्याच रकमेतून साठवून. अकरा हजार जास्तच होते, असं मावशी अजून म्हणतात आणि आम्हालाही तसंच वाटतं. पण तो पैसा दारूत गेला नाही, पत्त्यांत गेला नाही. हा फरक आम्हाला खोलीवर जाऊन पाहिल्यावर कळला. बैठकीत बसून कळला नसता.

तुमच्या घरात कुणी पोरगा किंवा पोरगी काड्यापेटीची गाडी करत असेल, तर लगेच ओरडू नका. हातात टेप द्या आणि म्हणा, आपल्या गावचा एसटी थांबा मोज आणि ८७ नं भाग. पुठ्ठा, डिंक आणि भुसा यांवर सुरुवात होते, इंजिन पुढे कधीतरी. कटर आणि विजेचं काम मोठ्या माणसासमोरच करू द्या. आणि पैसे द्यायचे असतील तर किती द्यायचे ते आधी ठरवा, वहीत लिहा.

परवाच्या बैठकीत मावशी उशिरा आल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, पोराचा फोन होता. पूर्वी दोन मिनिटांत ठेवायचा. आता दर रविवारी अर्धा तास बोलतो. या वेळी त्याला हवं होतं, स्टेशनावर पाण्याचा रांजण कुठं असायचा आणि त्यावर झाकण कसलं होतं. मावशींना नीट आठवेना, म्हणून त्यांनी बैठकीत विचारलं. मग त्या दिवशी हप्ते गोळा व्हायला अर्धा तास उशीर झाला, कारण बार्शी लाइटनं गेलेल्या सहाजणी निघाल्या आणि प्रत्येकीचा रांजण वेगळ्या जागी होता.

तुमच्यापैकी कुणाला तो आठवत असेल, तर आमच्या केंद्रावर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.