बालेवाडीत वळलेली स्पर्धा

2022 साल उजाडले तेव्हा जुन्नर-आंबेगावात बोलणे होते ते बैलगाड्यांचे. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींची वाट मोकळी केली होती. पारावर शर्यतीचा घाट आणि गाड्यांची बारी यांपलीकडे विषय जात नव्हता. त्याच दिवसांत आपल्याच पुणे जिल्ह्यात, बालेवाडीला, महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने चालू होते. आपल्याकडे त्यांची फारशी वार्ता नव्हती, याची मला आजही रुखरुख वाटते.

शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचे नाव मिरवणाऱ्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात 3 फेब्रुवारीला चीन-जपान उपांत्य सामना झाला. जपान म्हणजे आधीच्या सलग दोन स्पर्धांचा विजेता. त्याने दोनदा आघाडी घेतली, चीनने दोन्ही वेळा ती फेडली. दुसऱ्यांदा तर जादा वेळेत, 119व्या मिनिटाला, वांग शानशानच्या गोलने. मग पेनल्टींवर चीन 4-3. माझ्या मते स्पर्धा खरी वळली ती इथेच.

अंतिम सामना 6 फेब्रुवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर. दक्षिण कोरिया प्रथमच अंतिम फेरीत आला होता आणि मध्यंतराला 2-0 पुढे होता. 68व्या मिनिटाला तांग च्यालीने पेनल्टी मारली, चारच मिनिटांत झांग लिनयानने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत श्याव यूयीने तिसरा गोल केला. चीन 3, कोरिया 2. 2006 नंतर चीनला हा चषक मिळाला, तो नववा.

त्याच सकाळी लतादीदी गेल्या होत्या. महाराष्ट्राचे डोळे शिवाजी पार्ककडे लागले होते. त्या दिवशी फुटबॉल कोण पाहणार?

यजमान भारत तर केव्हाच बाहेर पडला होता. इराणशी 0-0 बरोबरी झाली आणि 23 जानेवारीला, कोरोनामुळे, चायनीज तैपेईविरुद्ध उतरवायला किमान 13 खेळाडूही उरल्या नाहीत. सामना झालाच नाही, आणि 2023च्या विश्वचषकाची वाटही तिथेच बंद झाली. न खेळता बाहेर पडणे त्या मुलींना किती लागले असेल!

ऑक्टोबरात डी. वाय. पाटील मैदानावरच 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक स्पेनने जिंकला, कोलंबियाच्या स्वयंगोलवर, 1-0. पण नारायणगाव-मंचरच्या शाळांतून कबड्डी गाजवणाऱ्या मुलींना एकच सामना दाखवायचा झाला, तर मी 6 फेब्रुवारीचा उत्तरार्ध दाखवीन, आणि त्याआधी बालेवाडीतली ती शेवटची मिनिटे.